पहिल्या पानावरचा राग

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

परवा फोनवर आवाज बसलाय म्हणून लवकर ठेवला, ते खोटं होतं. आवाज ठणठणीत आहे, डोकं फिरलंय. आणि डोकं फिरलं की बोलायचं नाही, लिहायचं, हे बाबांनी घालून दिलेलं वळण मी अजून पाळते. तेव्हा वॉर्डातल्या पेशंटांना सांग की त्यांच्या इन्चार्ज ब्रदरना थोडा वेळ सुट्टी हवी आहे, बहीण कावलेली आहे.

बकलवाली आठवते ना? माझ्या हाताखालची डिझायनर. गाडीत लहान मुलांना बसवायच्या सीटचं बकल तिनं नव्यानं केलं, आजोबांनासुद्धा एका हातानं उघडता येईल असं. तेव्हापासून सगळं ऑफिस तिला याच नावानं ओळखतं. असं डोकं मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिलं नाही. या बाईनं काल राजीनामा दिला. एका ओळीचा. कारण काय, तर वैयक्तिक.

झालं असं, की गिऱ्हाईक कंपनीची माणसं आलेली, मी त्यांना मोठ्या तोंडानं सांगतेय की माल आता निघालाच समजा, आणि त्याच वेळी ही खाली कारखान्यात जाऊन काम थांबवते. मला न विचारता. चाचणीच्या खोलीत तिनं बकलावर फळांचा रस ओतला, वर बिस्किटांचा चुरा टाकला, रात्रभर वाळू दिलं आणि सकाळी ते उघडेना. पोरं सीटवर हेच करतात, म्हणून तिनं करून पाहिलं. पण ही बातमी मला पाहुण्यांसमोर, फोनवर कळली. माझं तोंड पाहण्यासारखं झालं असणार.

अंगाचा तिळपापड झाला तरी मी चारचौघांत अवाक्षर काढलं नाही. घरी येऊन चार पानी पत्र लिहिलं, अगदी बाबांसारखं. तीन पानं तिचं काय चुकलं ते, आणि चौथ्यावर मनातलं. की बकलाबाबत तीच बरोबर होती, की मला तिचा अभिमान वाटतो, की पट्टे आणि बकलं हा सबंध विभाग आता मी तिच्या हाती देणार आहे. सकाळी तिच्या टेबलावर ठेवलं, दुपारी राजीनामा. पत्र तिथंच पडलेलं, पहिलं पान उलगडलेलं आणि बाकीची तीन मी घडी घातली होती तशीच. चौथ्या पानापर्यंत जायची तसदी घेतली नाही बाईसाहेबांनी!

वर आमचे मोठे साहेब आहेतच. मागच्या महिन्यात आम्हा सगळ्यांना हॉटेलात कोंडून नेतृत्व शिकवलं, स्वभाव तपासून रंगीत टोप्या वाटल्या (मला लाल, म्हणजे तापट). काल मला बोलावून म्हणाले की गुणी माणसं जपायची असतात, आणि त्याच श्वासात म्हणाले की तिच्यात संघभावना नव्हतीच, गेली ते बरं झालं. त्यांच्याच टोपीनं त्यांना झोडपावंसं वाटलं.

माझं काय चुकलं ते कळव. चुकलेलं नाहीच म्हणा. लोभ आहे तो असल्या रागानं आटणारा नाही, हे तुला सांगायला नको.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, पूर्ण वाचलं. लाल टोपीतला एखादा फोटो असेल तर धाड, ड्यूटी रूममध्ये लावतो. नव्या सिस्टरना वचक बसेल.

आता थट्टा बाजूला. तिला लिहिलेल्या पत्राचं पहिलं वाक्य काय होतं? तू लिहिलेलं नाहीस, पण मी पैजेवर सांगतो. तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती, असं होतं. हो ना? बाबांची सगळी पत्रं याच वाक्यानं सुरू व्हायची.

अगं, ऑफिसात साहेबाच्या सहीचा बंद लिफाफा टेबलावर दिसला की माणूस तो घेऊन कोपऱ्यात जातो. आपली नोकरी गेली असंच त्याला वाटतं. त्यात पहिलंच वाक्य ते! ती चौथ्या पानापर्यंत आली नाही याचा तुला राग येतो, मला ती दुपारपर्यंत थांबली याचं नवल वाटतं. माझ्या वॉर्डात मागे एका पोरीनं चुकीच्या पेशंटला सलाईन लावलं. मी तिला चादरींच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि चांगला ओरडलो. तीही ओरडली, की एकटीला किती खाटा बघायला लावता. ते खरं होतं. मग आम्ही दोघं मिळून राउंड पुरा केला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या जोडीला माणूस दिला. ती अजून माझ्याकडे आहे. मला कुणी टोपी दिलेली नाही.

तू चार पानं लिहून स्वतःचा राग शांत केलास आणि तो घडी घालून तिच्या टेबलावर ठेवलास. याला संयम म्हणतेस तू? मला चीड आली वाचून, खरंच सांगतो. तिच्या जागी मी असतो तर मीही पहिल्या पानावरच उठलो असतो. असतो कसला, उठलोच होतो. बाबांचं एकही पत्र मी पहिल्या पानापुढे वाचलेलं नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

१४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

थट्टा करतोयस की मला मुद्दाम टोचतोयस? एकही पत्र वाचलं नाहीस म्हणजे काय? आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं की बाबांचं शेवटचं पान आधी वाचायचं. मी गणितात नापास झाले तेव्हा तीन पानं माझी खरडपट्टी होती, आणि शेवटी लिहिलं होतं की उद्यापासून संध्याकाळी आपण दोघं मिळून गणितं करू, मलाही लहानपणी जमायची नाहीत. ते पान मी आधी वाचलं, हसले, मग बाकीची बोलणी आरामात खाल्ली. बाबांनी उभ्या जन्मात आपल्यावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. इतर घरांत काय चालायचं ते आठव, आणि मग त्यांना नावं ठेव.

आणि हो, पहिलं वाक्य तेच होतं. त्यात एवढं काय आहे? अपेक्षा आपण आपल्या माणसाकडूनच करतो ना!

इथं साहेबांनी वेगळंच टुमणं लावलंय. कंपनीच्या नोंदीत तिच्या जाण्याच्या कारणापुढे मी उद्धट स्वभाव असं लिहावं आणि विभाग त्यांच्या मर्जीतल्या होयबाला द्यावा. खरं सांगू? माझाही हात शिवशिवतोय तसं लिहायला. हाताखालच्या आणखी दोघांसाठीची असलीच पत्रं माझ्या खणात तयार आहेत, तीही आता देऊन टाकते. कुणाला जायचं असेल त्यानं खुशाल जावं.

तू इंजिनिअरिंग सोडून नर्सिंगला गेलास तेव्हा बाबा रोज थोडं थोडं करून तुला पत्र लिहीत होते. एवढं जाड पाकीट त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी धाडलं नाही. त्याचंही पहिलंच पान वाचलंस की काय?

राग आहे, पण मायेला धक्का नाही.

ताई

१८ फेब्रुवारी

ताईस,
नमस्कार.

हो. त्याचंही पहिलंच.

होस्टेलच्या मागच्या अंगणात पाणी तापवायची चूल होती, तिच्यात घातलं ते पाकीट. त्यानंतर दोन वर्षं मी घरी आलो नाही. तुम्ही लोकांना सांगत होतात की त्याच्या ड्यूट्या असतात. ड्यूट्या नव्हत्या. ज्या माणसाला माझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, त्याच्यासमोर जेवायला बसायची माझी हिंमत नव्हती. नंतर येत राहिलो, पण आम्ही हवापाण्यापलीकडे कधी बोललो नाही, हे तू पाहिलं आहेस. आता बाबा नाहीत. त्या जाड पाकिटात शेवटी काय होतं, ते मी कुणाला विचारू?

सगळ्यांना ठाऊक होतं, असं लिहितेस. सगळे म्हणजे कोण? मला कुणी सांगितलं होतं? तू सांगितलंस? मी माझ्या खोलीत पहिलं पान हातात घेऊन बसायचो आणि तू पलीकडच्या खोलीत हसायचीस, ते ऐकू यायचं मला. मला वाटायचं, हिला चांगलं लिहितात आणि मला वाईट. तुझ्या पत्रातही आधी तीन पानं बोलणीच असायची, हे मला वयाच्या या वर्षी, तुझ्या परवाच्या पत्रातून कळलं. हसू येत नाही मला त्याचं. संताप येतो. बाबांचा येतोच, पण जास्त तुझा येतो.

मला उत्तर लिहू नकोस. आधी त्या मुलीच्या घरी जा. जाताना कागद नेऊ नकोस.

धाकटा

२५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, हवे असतील तर.

तू लिहू नकोस म्हणालास, पण काय झालं ते तुला कळायला हवं. मी गेले. ती तिसऱ्या मजल्यावर राहते. दार तिनंच उघडलं, हाताला रंग लागलेला, घरात भिंती रंगवायचं काम चाललेलं. आत या म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून आधी चौथ्या पानावरचं सगळं सांगितलं, आणि वाटलं की आता हिचा चेहरा उजळेल.

तर ती भडकली. शेजारची दारं उघडली एवढ्या मोठ्यानं बोलली. म्हणाली की पहिलं पान तिनं बाथरूममध्ये उभ्यानं वाचलं, परत येऊन टेबलावर टाकलं, आणि घरी काय सांगायचं एवढंच डोक्यात होतं. सबंध ऑफिसात मी एकटीच तिला आपली वाटायचे, आणि मीच तिला आरोपीसारखं लेखी दिलं. चाचणीच्या खोलीत येऊन ओरडले असते तर तीही ओरडली असती आणि संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून ते बकल धुतलं असतं. चांगलं बोलायचं ते तीन पानांच्या मागे लपवून ठेवणाऱ्या माणसाकडे तिला काम करायचं नाही. तिला दुसरीकडे नोकरी लागली आहे. ती परत येणार नाही. मी तिला परत ये म्हणालेही नाही, तोंडच नव्हतं मला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं की कारणापुढे उद्धट स्वभाव लिहायचाच असेल तर माझा लिहा. बकल सदोष होतं, ते तिनं पकडलं, आणि आम्ही तिला घालवलं. आवाज चढला होता माझा, आयुष्यात पहिल्यांदा. साहेब म्हणाले की हा माझा लाल रंग बोलतोय. मी म्हटलं की हो, बोलू दे. विभाग होयबाकडे जाईल, माझंही काही खरं नाही, पण ते बकल बदलेपर्यंत माल निघणार नाही एवढं पदरात पाडून घेतलं. खणातली दोन्ही पत्रं फाडली आणि त्या दोघांना बोलावून तोंडानं सांगितलं, आधी चांगलं आणि मग वाईट. एकाचा माझ्यावर विश्वासच बसेना.

आता तुझं. तुझं पत्र आल्यापासून मी आठवतेय की शेवटचं पान आधी वाचायचं हे मला कुणी सांगितलं. आईनं. गणिताच्या वेळी मी जमिनीवर लोळून रडत होते, तेव्हा तिनं पत्राचं मागचं पान काढून माझ्यापुढे धरलं. मी रडायचे, म्हणून मला सांगितलं गेलं. तू कधी रडला नाहीस, पान घेऊन मुकाट खोलीत जायचास, म्हणून आम्हाला वाटलं की तुला ठाऊक असेल. बकलवालीही कधी रडली नाही.

मी रविवारी येतेय. सकाळच्या गाडीनं, पिशवीत एकही कागद न घेता. दार उघडल्यावर प्रवास कसा झाला, चहा घेतेस का, असलं काही विचारू नकोस. आधी माझ्यावर ओरड.

तुझी,
ताई