पाडव्यापर्यंत विकायचं नाही

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी
शहराजवळच्या सातारा गावातल्या खंडोबाला गेलो. देशमुख सर, सलीमभाई आणि मी. सर दर्शनाच्या रांगेतही शेअरचंच बोलत होते. आम्हा तिघांकडं एकाच बांधकाम कंपनीचे शेअर, तिघांनीही सरांच्या सांगण्यावरून घेतलेले, आणि दिवाळीपासून भाव उतरतोय. सर म्हणाले, "एक जण घाबरून विकतो, त्याचं बघून दुसरा विकतो, आन दोघं बी बुडतेत. चला, बेलभंडारा उचलून शपथ घेऊ. पाडव्यापर्यंत कुणी विकायचं नाय." हसत हसत म्हणाले, पण उचलला. मीही उचलला. सलीमभाई पायऱ्यांखाली थांबले होते. म्हणाले, "तुमच्या देवाच्या मधी मी येत नाय. पन जबान देतो."
घरी भरीत-रोडगा. सुमनला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे सांगितलं नाही.

७ डिसेंबर, रवि.
टीव्ही सेंटर चौकात चहा. कंपनीनं मोठं कर्ज काढल्याची बातमी, भाव आणखी खाली. सर जोरात. "शेंद्र्याला, बिडकीनला कारखाने येतेत. माणसं राहणार कुठं? झाडावर?"
स.भाई: "राहतील हो. पन नळाला पानी कवा येतं ते सांगा आधी. बिगर पान्याचं घर कोन घेतो?"
"तुम्ही आपलं टायर विका."
"टायर फिरतं तरी, सर. तुमचा शेअर बसलाय."
माझ्या डोक्यात गाव. गंगापुराकडं आमच्या गावात कुणाचंच घर एका वर्षात होत नसे. एका साली जोतं, पुढच्या साली भिंती, पत्रे कधी तरी. अर्धं घर बघून कुणी हसत नव्हतं. या शहरातल्या लोकांना सहा महिन्यांत सगळं पाहिजे. शेअरसुद्धा.

१८ डिसेंबर
कामावर, स्टोअरमध्ये माल उतरवताना मोबाईल पाहायचा नाही असं ठरवलेलं. जेवणाच्या सुट्टीत पाहिलाच. भाव निम्म्यावर आलाय.
संध्याकाळी हरिपाठ. मन लागलं नाही, तरी म्हटला.

२१ डिसेंबर, रवि.
सलीमभाई घरी आले. खुलताबादचे पेरू घेऊन. पेरू ठेवले आणि बराच वेळ इकडचं तिकडचं. मग म्हणाले, "विठ्ठलराव, आमच्यात कर्जाची एक हद असती. कंपनी त्याच्या वर गेली की तिचा हिस्सा ठेवता येत नाय. मेरेकू निकलना पडता. जबान दिया था, इसके वास्ते पैले तुमारेकू बोलने आया."
तोटा होईल म्हणालो. म्हणाले, होऊ दे.
मी म्हटलं, "निघा. माझ्याकडून मोकळे."
"और तुम?"
"मी नाही."
"भाव और गिरा तो?"
"तर पडू दे."
हसले. "दोनों पागल," म्हणाले आणि चहा पिऊन गेले.
त्यांचा धर्म त्यांना विकायला सांगतो, माझा मला ठेवायला. दोघांचाही तोटाच. पण आज त्यांच्याबद्दल मनात जेवढा मान वाटला, तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

२८ डिसेंबर, रवि.
आज कळलं. चहाला सर आणि मी दोघंच. सर एका औषध कंपनीचं कौतुक करत होते, नुकतीच घेतली म्हणे. विचारलं, पैसे कुठून आणले? "अरे, ती बांधकामवाली कवाच काढली. चंपाषष्ठीच्या दुसऱ्याच दिवशी."
मी कप खाली ठेवला.
"तोंड का पाडलं? सगळेच विकत सुटले असते तर मला भाव मिळाला असता का?"
"भंडारा उचलला होता, सर."
"गंमत होती ती. देवाला शेअर कळतेत का, विठ्ठलराव?"
"शेअर कळत नसतील. शब्द कळतो."
"मग बसा शब्द धरून. पाडव्याला श्रीखंडासंगं खा."
बाजूच्या टेबलावरचे दोघं हसले. चहाचे पैसे मी दिले, त्यांचेही. त्यांचा चहासुद्धा अंगावर नको. घरी आल्यावर मोबाईलवरच्या शेअरच्या गटातून बाहेर पडलो.
रागानं ठेवतोय की श्रद्धेनं, हे आज मला नक्की सांगता येत नाही. राग असेल तर देव बघून घेईल. विकणार नाही.

२ जानेवारी
सिडकोतल्या दोन खोल्यांचे मालक आले होते. तेच, ज्यांचा ब्लॉक सुमननं दसऱ्याला पसंत केला. दुसरं गिऱ्हाईक लागलंय म्हणे, संक्रांतीच्या आत इसार द्या. ते गेल्यावर सुमन म्हणाली, "उद्या शेअर काढा." मग सांगावंच लागलं. सगळं. खंडोबा, भंडारा, सर.
ऐकून घेतलं तिनं. मग:
"घर घ्यायचे पैसे घर बांधनाऱ्याला दिले. बरं. आता ते मागायचे बी नाय?"
"पाडव्यापर्यंत."
"आन खोल्या पाडव्यापर्यंत थांबतील व्हय?"
मी कॅलेंडरवर संक्रांत बघितली.
"त्यात निम्मे माझ्या शिलाईचे हैत. तुमी भंडारा उचलला. मी कवा उचलला?"

४ जानेवारी
दोन दिवस तेच वाक्य. खातं माझ्या नावावर, म्हणून सगळे माझेच शेअर समजून शपथ घेतली. दुसऱ्याच्या वावरातलं कणीस देवाला वाहिल्यासारखं झालं. सर चुकले हे खरं. पण मी कुणाच्या जिवावर उभा आहे?
सकाळी पूजा झाल्यावर सुमनला म्हटलं, अर्धे तुझे. विक, ठेव, तुझी मर्जी. माझ्या अर्ध्याला मी हात लावणार नाही, ब्लॉक जावो नाही तर राहो.
म्हणाली, "अर्ध्यात इसार व्हईल, पुढचं नाय व्हनार."
मग म्हणाली, "ती कंपनी बांधती तरी का? कुनी बघितलंय?"
कुणीच नाही. तिघांनी एवढे वाद घातले, पैठण रोडला तिच्या इमारती चालल्यात, तिथं जाऊन बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

११ जानेवारी, रवि.
स्कूटरवर दोघं पैठण रोडला. कंपनीच्या चार इमारती. एक पुरी, तीन अर्ध्या. पुरीतल्या बऱ्याच खिडक्या बंद. सुमन बघत फिरली. अर्ध्या इमारतीच्या खांबाला गुंडाळलेल्या गोणपाटावर हात ठेवला. ओलं होतं. "पानी मारत्यात अजून," म्हणाली. वॉचमनला विचारलं, टँकर रोज येतो का? "मजुरांचे पैसे थकलेत, टँकरचे नाय," तो म्हणाला. नमुन्याच्या ब्लॉकमध्ये ओट्यापाशी उभी राहून खिडकी उघडून बघितली. खिडकी लावली आणि खाली आली.
येताना मागून एकच वाक्य: "मला इचारू नका. माझं मी ठरवीन."
विचारलं नाही. माझं ठरलेलं आहे, तिनं काहीही केलं तरी.
जेवण झाल्यावर सुमननं मोबाईल मागून घेतला. उद्या सोमवार, बाजार उघडेल. चष्मा लावून तिनं दोन्ही बटणं समजून घेतली. विकायचं कुठलं आणि घ्यायचं कुठलं.