समासातला शेरा

सोम्यूर,
१९ ऑक्टोबर १९३१

प्रिय ओदिल,

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे म्हणायचं. गुडघे कुरकुरतात, आणि यंदाची द्राक्षं पावसानं नासवली. शुक्रवारी अंत्ययात्रेत साहेबांच्या, तुझ्या वडिलांच्या, शवपेटीवरच्या काळ्या वस्त्राची एक दोरी मी धरून चालावं, हा मान तू मला देते आहेस. दोन मंत्री, एक सेनापती आणि चौथा मी, त्यांचा जुना चिटणीस. माझी बहीण म्हणाली, "आता तरी तो विटका कोट बदल, मेल्या!"

तू आणखी एक मागितलं आहेस. साहेब वसाहतीचे गव्हर्नर असताना रेल्वेच्या छावणीत मजूर पटापट मरत होते, त्याचा अहवाल आता वर्तमानपत्रानं उकरून काढलाय. तो साहेबांच्या नजरेस पडलाच नव्हता, एवढी एक ओळ मी लिहावी. लोक विश्वासही ठेवतील. समासातला 'पाहिले' हा शेरा माझ्याच अक्षरात आहे. त्यांच्या वतीनं असे हजारो शेरे मी मारले, पुढे ते मंत्री झाले तेव्हाही. गाढव चिटणीसानं कागद दाबला म्हणायचं, की झालं!

अहवाल आला तेव्हा साहेब जेवत होते. नऊच्या नऊ पानं त्यांनी वाचली. छावणीच्या डॉक्टरनं तांदूळ आणि क्विनीन मागितलं होतं. तो स्वतः तापानं फणफणला होता, पण स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं.

"काय लिहू, साहेब?"

"पाहिले, म्हणून लिहा. तुमच्या अक्षरात. आणि त्रिक्वार, आणखी आठशे माणसं पाठवायला सांगा."

मग त्यांनी चीज पुढे ओढलं. मी लिहिलं, टीपकागद दाबला.

सहीचं पान हरवलंय, म्हणून डॉक्टरचं नाव छापून आलेलं नाही. पोरी, तो ल्युसियँ होता. तुझा ल्युसियँ, ज्याच्याशी तुझं लग्न ठरलं होतं. सात आठवड्यांनी तो तिथंच गेला. "हट्टानं राहिला, माझं ऐकलं नाही," असं साहेबांनी तुला सांगितलं, तेव्हा मी दारातच उभा होतो. तू रडत होतीस आणि मी मूग गिळून गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

दोरी मी धरणार नाही. वर्तमानपत्राला सकाळीच लिहून टाकलं: त्यांनी वाचलं होतं, मीही वाचलं होतं. छापून येण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र.

शिव्या दे, तोंड पाहू नकोस, काहीही कर. पण हे नुसतं पाहून बाजूला ठेवू नकोस.

तो शेरा ज्याच्या हातचा,
अँसेल्म त्रिक्वार