परतीची खूण

गारखेडा,
वैशाख, शनिवार

प्रिय दादा,

शेजारचा टेम्पोवाला उद्या पहाटे कांदा आणायला वैजापूरला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे वाऱ्याशी बोलणं. तू रानात असतोस, निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याला 'व्हय व्हय' म्हणून ठेवून देतोस. परवाही तेच. 'चारा नाय, पाणी नाय, सगळी मेंढरं एकदम काढून टाकतो अन् तुझ्या मशीनवर येतो, त्यात काय एवढं अवघड हाय?' म्हणालास, आणि मी तोंड उघडायच्या आत फोन बंद. म्हणून लिहायला बसले. वहिनी तुझ्याकडून हे शेवटपर्यंत वाचून घेईल, तसं तिला बजावलं आहे.

मशीनवर काय अवघड असतं ते आधी सांगते, मग तुझं बघू. राउटर म्हणतात त्याला. टेबलावर लाकडाची फळी घट्ट बसवायची, कॉम्प्युटरमधून नक्षी द्यायची, आणि वरून फिरणारं पातं ती नक्षी आपोआप कोरत जातं. आमच्या पुढच्या रानात आता इमारतीच इमारती. नळाला पाणी नाही, टँकरपुढं बायकांची भांडणं, तरी मजले चढताहेत. प्रत्येक फ्लॅटला देवघर आणि प्रत्येक देवघराला जाळीची दारं. अशा एका अख्ख्या इमारतीची दारं आम्हाला मिळाली तेव्हा तुझे दाजी एवढे हरखले की शहागंजातल्या मिठाईवाल्याकडून इमरती घेऊन आले आणि निम्मी वाटेतच संपवली.

आणि मग मशीननं रंग दाखवला. नक्षी सुरुवातीला झकास यायची, पण मध्यावर गेली की सरकायची. गोल मिटेना. फुलाचा देठ एकीकडे आणि पाकळ्या बोटभर दुसरीकडे. फळ्यांमागून फळ्या वाया चालल्या. आम्हाला वाटलं, हे फार पळतंय. स्पीड कमी केला, आणखी कमी केला. मेंढपाळाचीच पोर मी, कळप विस्कटला की चाल मंद करायची एवढंच ठाऊक. तर एक दार कोरायला दिवस जायला लागला, पातं एकाच जागी घासून लाकूड करपायला लागलं, आणि जाळी होती तशीच वाकडी. तुझे दाजी तर मशीनला लिंबू-मिरची बांधून आले. मी हसले नाही, कारण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

यात सगळ्यात वाईट काय माहितीये? मशीनला आपलं चुकलंय हे कळतच नाही. त्याला सांगितलं इतकं सरक, तर मोटार झटक्यानं जरा मागं राहिली तरी ते आपलं धरून चालतं की मी पोचलो. तिथून पुढचं सगळं काम ते मन लावून करतं, एकही पाकळी सोडत नाही, फक्त सगळं चुकीच्या जागी.

एक दिवस मी चालू मशीनच्या टेबलावर तळवा ठेवून नुसती उभी राहिले. सरळ रेघेवर पातं कितीही पळालं तरी हाताला काही लागत नव्हतं. धक्का बसत होता तो वळणावर आणि सुटताना. आणि दादा, मला आपल्या कालव्यावरचा तो दुपारचा प्रसंग आठवला. कुत्रं भुंकलं, पुढची मेंढरं एकदम उधळली, मागची त्यांच्यावर चढली आणि भुरी मेंढीचं कोकरू तुडवलं गेलं. मला वाटलं होतं, मेंढरं फार पळाली म्हणून झालं. त्या संध्याकाळी तू म्हणालास, 'पळण्यानं नाय मरत गं मेंढरू, झटक्यानं मरतं.' म्हणूनच तू रोज सकाळी वाघुरीची जाळी उघडली की आधी कळपापुढं चालणाऱ्या घंटेच्या मेंढीला एकटीला बाहेर घेतोस, ती अंग झाडते, चार पावलं टाकते, मग बाकीच्यांना सोडतोस.

मशीनमध्येही हे दोन आकडे वेगळे असतात. किती जोरात पळायचं तो एक, आणि त्या जोरापर्यंत किती झपाट्यानं पोचायचं तो दुसरा. त्याला ॲक्सिलरेशन म्हणतात. जाळीत तर वळणंच वळणं, मशीन सारखं थांबतं आणि सुटतं. आम्ही पहिल्या आकड्याच्या मागं लागलो होतो, दुसऱ्याला कुणी हातच लावला नव्हता. मग लाकूड काढून ठेवलं, टेबलावर पेन्सिलीनं एक खूण केली आणि पात्याचं टोक त्यावर आणून मशीनला नुसतंच नक्षीभर फिरवलं. परत येऊन टोक खुणेवर टेकलं तर बरोबर, नाही तर दुसरा आकडा आणखी खाली. कधी गव्हाएवढं चुकायचं, कधी केसाएवढं. शेवटी अगदी खुणेवर येऊन टेकलं तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारची आशाबाई कणकेच्या हातानं धावत आली. त्याहूनही जरा खालीच ठेवला आकडा, आणि स्पीड पुन्हा वाढवला. आता मशीन आधीपेक्षा जास्त पळतं आणि जाळी अशी येते की बघत राहावं. पहिल्या मजल्याची दारं बसली सुद्धा. तुझे दाजी सगळ्यांना सांगतात की खोट त्यांनी शोधली. सांगू दे.

आता फकिराकाकांचं. मागच्या मोठ्या दुष्काळात त्यांनी अख्खा कळप एका सकाळी व्यापाऱ्याच्या गाडीत चढवला आणि दुसऱ्या दिवशी इथं इमारतीवर राखण करायला उभे राहिले. तू त्यांना लग्नाकार्यातच बघतोस, मी दर आठवड्याला बघते. कधी खाडा नाही, कुणाची तक्रार नाही. पण परवा डबा घेऊन गेले तर हातातली काठी फाटकाला आडवी धरून, वाटेवरून जाणाऱ्या मोटारी एका बाजूला घेत होते. मला बघून ओशाळले. म्हणाले, 'पोरी, काम बराबर चाललंय माझं. पण मी कुठं हाय तेच उमगत नाय.' मी घरी येऊन खूप रडले, दादा.

सोमवारी व्यापाऱ्याची गाडी बोलावलीयस तू, हे मला वहिनीनं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, तुझ्या काळजीनंच सांगितलं तिनं. तू ये. मला तू हवा आहेस, मशीनवर उभं राहायला तुझ्यासारखा माणूस मला शहरात मिळणार नाही. पण असा झटक्यानं येऊ नकोस. नर आणि म्हाताऱ्या मेंढ्या दे गाडीत. बाकीच्या माद्या रामहरी आपल्या कळपाबरोबर कालव्याच्या पट्ट्यात नेतो म्हणालाय, मी त्याच्याशी बोलले आहे. तिकडं बागायतवाले खतासाठी रानात मेंढरं बसवायला अजून बोलावतात. तू आधी पंधरा दिवस इथं राहा, परत जाऊन कळप बघ, मग महिनाभर ये. जमलं तर राहा, नाही जमलं तर नाही. फक्त घंटेची मेंढी विकू नकोस. पाऊस पडल्यावर तुला घरी जावंसं वाटलं, तर वाट तिला ठाऊक आहे.

तुझीच,
शालू