कारण : उष्मा

पेण,
बुधवार, १८ सप्टेंबर २०२४
संध्याकाळी ६.१०

चि. करिश्मा,

पेणहून विलासकाका लिहितोय. आम्ही इकडे खुशाल. तुझ्या काकूचा गुडघा आता जिना चढण्याइतका बरा आहे. निडीला तुम्ही सगळी ठीक असाल असं धरून चालतो.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. गणपतीत मी घरी आलो तेव्हा वनितावहिनी म्हणाल्या, "ती नाय हो भावजी, मामाकडं गेली." पडवीत तुझ्या चपला होत्या. डाव्या चपलेचा पट्टा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला. एक मोदक खाल्ला आणि मिळाली त्या गाडीने परत आलो.

कॉलेजच्या प्राणीगृहात सध्या बहात्तर पांढरे उंदीर आणि सहा ससे आहेत. पिंजऱ्यात घालायचं भाताचं तूस या वेळी ओलसर आलं, ते मी परत पाठवलं. नव्या मुलींना उंदीर धरायला शिकवतोय. परवा एकीने शेपटी ओढली. म्हटलं, "अगो, ती दोरी नाय!" सगळ्या हसल्या. मग त्यांना सांगितलं, की माझ्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी जनावराला हात लावायच्या आधी तळवे चोळून गरम करून घेतले होते, तिला कोणी सांगितलं नव्हतं तरी. नाव नाही सांगितलं.

आता मुद्द्याचं. शुक्रवारी, २७ तारखेला, सकाळी अकराला प्राणी-प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक आहे आणि तुझं प्रकरण पहिलं आहे. समितीची लेखी मंजुरी नसताना सहा जनावरं वापरली म्हणून तुझं संशोधन कायमचं बंद करायचं की पुन्हा अर्ज करू द्यायचा, हे त्या दिवशी ठरेल. तू आली नाहीस तर बंद. तेव्हा ये. मंजुरी मिळाल्याचं तुला कोणी सांगितलं, हे पुन्हा विचारतील. तू म्हण, की सूचना फलकावरचा कागद मी घाईत वाचला आणि चुकून आपलं नाव त्यात आहे असं समजले. वाचण्यातली चूक म्हटली की समज देऊन सोडतात, मी एकवीस वर्षं बघतोय. एवढ्यावर भागेल आणि कोणाचंच फार नुकसान होणार नाही.

गुरुवार, १९ सप्टेंबर
दुपारी ३.४०

काल इथे थांबलो. "तू म्हण"पासून पुढच्या ओळींवर आज एक रेघ मारली आहे. वाचता येतील अशीच. नोंदवहीत चूक झाली तर गिरवायची नाही, वर पांढरं लावायचं नाही. एक आडवी रेघ, शेजारी खरं, सही आणि तारीख. हे मीच तुम्हाला शिकवलं. पुतणीला खोटं बोलायला सांगणारा तुझा काका तुला दिसला पाहिजे, म्हणून पान फाडलं नाही.

शेजारी खरं लिहितो.

शुक्रवार, १७ मे. नऊ जणांची बैठक आत चालू होती आणि मी फायली घेऊन बाहेरच्या बाकावर. तुमच्या वर्गातला साहिल मला समितीचे दहावे मेंबर म्हणायचा. "काका, तुमचीच सही घेऊन टाकतो, तेवढाच वेळ वाचेल!" मी त्याला दटावायचो, पण आतून बरं वाटायचं. प्राणीगृह सांभाळणारा, दहावीला इंग्रजीत दोनदा आपटलेला माणूस मी. रोह्याच्या रद्दीवाल्याकडून शब्दकोश आणून समितीची सगळी इंग्रजी नियमावली ओळ न् ओळ लावली. मोठमोठ्या पदव्या घेतलेले सर मला विचारायला यायचे, काका, या रकान्यात काय लिहू?

साडेपाचला तुझा फोन आला. "काका, झालं का हो माझं मंजूर?"

मला माहीत नव्हतं. एकवीस वर्षांत एकही अर्ज परत गेलेला मी पाहिला नव्हता, एवढंच. 'माहीत नाही, सरांना विचार,' हे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी म्हणालो, "व्हय गो, झालं. सोमवारी लाग कामाला."

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

शनिवारी सकाळी बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे आलं, फायलीला लावायला. तुझ्या अर्जापुढे लिहिलं होतं : मात्रा जास्त वाटते, कमी मात्रा धरून अर्ज सुधारून पुन्हा सादर करावा. मी दोनदा वाचलं. कागदाला भोकं पाडली, फायलीला लावला. तुला फोन केला नाही. तुझे सर गावी गेले होते, त्यांनाही केला नाही. मनाला सांगितलं, सुधारलेला अर्ज महिन्याभरात जाईलच, तारखा जुळवून घेता येतील. पण खरं कारण ते नव्हे. फोन केला असता तर 'काल मला माहीत नव्हतं' असं म्हणावं लागलं असतं. तुझ्यापुढे. दिनेशदादाच्या पोरीपुढे, जिला मी लहानपणापासून सांगत आलो की काकाला सगळं ठाऊक असतं.

सोमवारी, २० मेला, साडेनऊला तू सहा जनावरांना नळीने औषध दिलंस. वाडीतल्या ठमीआजीने सांधेसुजेवर दाखवलेल्या त्या मुळीचा अर्क. तुझा हात अजिबात हलला नाही, एकाच्याही घशाला लागलं नाही. बाराला दुसऱ्या क्रमांकाचा कुशीवर पडला. मग पाचवा, मग आणखी दोन. आचके यायला लागले. तू म्हणालीस, "काका, डॉक्टरांना बोलवा. असं नाय ठेवायचं त्यांना."

मी व्हरांड्यात जाऊन आलो आणि सांगितलं, "पशुवैद्य अलिबागला गेलेत, उद्या येतील."

करिश्मा, ते रामवाडीला होते. दहा मिनिटांच्या रस्त्यावर. मी फोन लावलाच नव्हता. ते आले असते तर आधी मंजुरीचा क्रमांक विचारला असता. आणि सुई देऊन त्या चौघांचं दुखणं साडेबाराच्या आत थांबवलं असतं. शेवटचा सव्वातीनला गेला, तुझ्या ओंजळीत. पावणेतीन तास. मी ते मिनिटांत मोजले आहेत, तू मोजू नकोस.

त्यानंतर मी नोंदवहीत लिहिलं : मृत ४, कारण उष्मा. तू विचारलंस, "उष्मा का, काका?" मी म्हणालो, "असंच लिहायचं असतं गो, तुला नाय कळायचं." तुझ्या वहीत मात्र खरं लिहिलंस, मात्रा आणि वेळ मिनिटासकट. ऑगस्टमध्ये कमी मात्रेच्या नव्या अर्जाला तेच पान जोडलंस, म्हणजे ती मात्रा पुन्हा कोणी कुठल्या जनावराला देऊ नये. त्या पानावरच्या तारखेने तू अडकलीस. माझी खोटी नोंद कोणी उघडूनही पाहिली नाही.

२३ ऑगस्टला अध्यक्ष मॅडमनी विचारलं, "मंजूर झालं असं तुला सांगितलं कोणी?" मी नोंदवही घेऊन भिंतीशी उभा होतो. तू म्हणालीस, "माझा तसा समज झाला, मॅडम." माझ्याकडे मान वळवली नाहीस. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हाही नाही. माणसं तुझ्या नजरेमागून माझ्यापर्यंत येतील, म्हणून तू टेबलाच्या कडेकडे बघत होतीस, हे मला दिसत होतं. तेवढ्या वेळात मी वहीच्या पानांचे दुमडलेले कोपरे सरळ करत राहिलो.

आज सकाळी सगळं लिहून दिलं. फुलस्केपच्या चार बाजू, प्राचार्यांच्या नावे, समितीला प्रत. ऑफिसमधला सुजय म्हणाला, "काका, रिटायर व्हायला सहा वर्षं हायत. कशाला लफड्यात पडताय?" म्हटलं, आधी आवक शिक्का मार. शिक्का बसला, आता माझं मन फिरलं तरी कागद फिरत नाही. नोंदवहीत उष्म्यावर रेघ मारून शेजारी खरं कारण लिहिलं. तिथून पशुवैद्यांकडे गेलो आणि त्यांनाही तोंडाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चहा विचारला नाही, एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

प्राणीगृहाच्या चाव्या तुझ्या सरांकडे दिल्या आहेत. नोकरी राहील असं वाटत नाही, आणि राहावी असं म्हणायला मला तोंड नाही. दिनेशदादाला मी स्वतः येऊन सांगेन. तू त्याच्याशी माझ्या वतीने काही बोलू नकोस.

आता तुझं. माझ्या कागदाने तू सुटशीलच असं नाही. तुला विचारणारच, आणि तू पुन्हा 'माझा समज' म्हणालीस तर दोघांपैकी एकाचं खोटं ठरेल. ते माझं ठरवतील, पुतणीसाठी अंगावर घेतोय म्हणतील, आणि तुझं काम कायमचं बंद होईल. म्हणून शुक्रवारी ये आणि माझं नाव घे. काका म्हणू नकोस. पूर्ण नाव सांग, आडनावासकट, आणि हुद्दा सांग. शनिवारचं आणि पशुवैद्यांचं तुला या पत्रातून कळलं, तेही सांग. पत्र बरोबर आण. मागितलं तर त्यांना देऊन टाक.

घरच्यांची अब्रू म्हणून गप्प बसायचं तुझ्या मनात येईल. तू ऑगस्टमध्ये तेच केलंस. ते मला पेलवलं नाही, एवढं लक्षात ठेव.

पत्राच्या शेवटी वडीलधाऱ्याने आशीर्वाद लिहायचा असतो. समोरच्याला तो हवा आहे का, हे न विचारताच मी आजवर लिहीत आलो. या वेळी ती ओळ कोरी ठेवतो.



विलास