सुईच्या सोळा मात्रा

३ फेब्रुवारी, सकाळ

अक्काचा फोन. चोवीस तारखेला डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. उजव्याचं पुढे दोन महिन्यांनी.

ऑपरेशनला भीत नाही म्हणाली, सुईला भिते. शेजारणीनं सांगितलंय की आधी डोळ्यापाशी इंजेक्शन देतात, तेव्हा अजिबात हलायचं नाही. मग म्हणाली, धाकट्या, आपल्या तिसरीच्या पुस्तकातली सुईची कविता तुला येते ना रे? मला दोनच ओळी आठवतात. मोठ्या अक्षरात सगळी लिहून दे, पाठ करीन आणि टेबलावर मनातल्या मनात म्हणत पडून राहीन.

दोनच ओळी आठवायच्या तिला. माझ्या पायात काटा गेला की अक्का टाच मांडीवर घ्यायची, सुई ज्योतीवर धरायची आणि कविता सुरू करायची. हललास तर पुन्हा पहिल्यापासून, अशी धमकी. दुसऱ्या ओळीपर्यंत काटा बाहेर. पुढचं म्हणायची वेळच यायची नाही.

मला मात्र अख्खी येते. ते पान आजही डोळ्यांपुढे आहे. उजवीकडचं, वर सुई-दोऱ्याचं चित्र.

सुई सुई गं, इवली इवली
कुणाकुणाची बाही शिवली
डोळा एकच तुला तरी गं
दिसते सगळी वीण बरी गं

अक्काला म्हटलं, आजच करतो. हे काय, आठवून झालीसुद्धा. आता फक्त नीट उतरवून काढायची.

३ फेब्रुवारी, दुपार

हल्लीची पेनं थरथरतात. तीन बदलली, तिन्ही थरथरली. ही म्हणाली, पेन नाही थरथरत. हिला पेनातलं कळत नाही. कवितेतलं तर नाहीच नाही. शाळेत शिवण घेतलेली बाई. (रोजनिशीला चालतं, ती कोण वाचणार आहे.)

जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले. आधी पेन्सिलीला टोक, मग रेघ. कविता कॉम्प्युटरवर टाइप करणार. उद्या.

४ फेब्रुवारी

जावईबापूंना फोन. गेल्या खेपेला त्यांच्या स्क्रीनवर एक प्रकार पाहिला होता. काळंभोर आभाळ आणि त्यात रंगीत शब्द, चांदण्या पडल्यासारखे. तेव्हापासून मनात घर करून आहे. म्हणाले, बाबा, तो एडिटर, प्रोग्रॅम लिहायचा. चार ओळींसाठी कॉम्प्युटरमध्ये आहे तेच वापरा, हे म्हणजे भाजी चिरायला लेथ मशीन.

हुशार आहेत. पण कवितेला आभाळ लागतं हे त्यांच्या कोर्सला नव्हतं. मी फक्त कुठून डाउनलोड करायचा एवढं विचारून घेतलं.

५ फेब्रुवारी

इन्स्टॉल झाला. वाटेत बऱ्याच चौकटी आल्या, टिक करू का नको विचारणाऱ्या. सगळ्यांना टिक केली. नाही म्हणायला जीव होत नाही.

स्वागताचं पान उघडलं. बराच वेळ बघत बसलो. या वयात कोण कुणाचं एवढं स्वागत करतं.

हिनं विचारलं, झाली का कविता? म्हटलं, प्रतिष्ठापना झाली. ही कुकर लावायला गेली.

७ फेब्रुवारी

दोन दिवस थीम. होत्या तेवढ्या सगळ्या लावून पाहिल्या. एक अगदी आपल्या पाटीसारखी सापडली, पण अक्षरं निळी. पाटीवर निळं कोण लिहितं? खडूचा रंग शोधण्यात दुपार गेली. सापडला.

मग फॉन्ट. प्रोग्रॅमवाल्यांच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला सारखी जागा. आपल्या मराठीला ते मानवत नाही. ‘शिवली’ची वेलांटी वर्गाबाहेर उभी केलेल्या पोरासारखी लांब जाऊन उभी. बघवेना. तिला आत घेईपर्यंत पाच फॉन्ट झाले.

उद्या प्रत्यक्ष टायपिंग.

८ फेब्रुवारी

टाइप केली. चारही ओळी.

खाली कोपऱ्यात एडिटर विचारतो, भाषा कोणती. लांबलचक यादी, त्यात मराठी नाही. शेवटी ‘मार्कडाउन’ निवडलं. सुरुवात तरी जुळते.

मग छापल्यावर कसं दिसेल ते दाखवणारं बटण दाबलं. चारही ओळी एकमेकींच्या अंगावर पडून एकच परिच्छेद. कवितेचं गद्य. गॅलरीत फेऱ्या मारल्या. ही म्हणाली, बसा तरी. कसं बसणार.

जावईबापू म्हणाले, प्रत्येक ओळीच्या शेवटी दोनदा स्पेस द्या, बाबा. म्हणजे जिथे काहीच नाही तिथे काहीच नाही असं दोनदा टाइप करायचं. केलं. ओळी सुट्या झाल्या. यातच मोठं काव्य आहे, सवडीनं विचार करावा.

आजपासून रोजनिशीही एडिटरमध्येच. हात बसेल. वहीतली जुनी पानंही यातच उतरवली, कविता सोडून. ती आधीच दुसऱ्या फाइलमध्ये आहे.

१० फेब्रुवारी

नवल. नुसता ‘उ’ टाइप केला तर खाली आपोआप ‘उद्या’ आला. एंटर दाबलं की झाला शब्द. माझ्या मनातलं यंत्राला कळायला लागलं. जावईबापू म्हणाले, तसं काही नाही, फाइलीत आधी लिहिलेले शब्द तो पुढे करतो. असेल. हिला बोलावून दाखवलं. ‘उ’ दाबला, ‘उद्या’ आला. ही इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. कशाला ते सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी

शुद्धलेखन तपासणारी जोडणी बसवली. अख्ख्या कवितेखाली लाल नागमोडी रेघा. ‘सुई’ चूक. पुढची ‘सुई’सुद्धा चूक. तिसरीचे गुरुजी लाल पेन्सिल घेऊन मागे उभे आहेत असं वाटून पाठ ताठ झाली. संध्याकाळी कळलं, तिला इंग्रजीच येतं. काढून टाकली. पण दिवसभराची हुरहूर राहिली ती राहिलीच.

१३ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

एडिटरच्या तळाशी एक पट्टी असते, तिच्यात ओळ टाइप होत जाईल तसा एक आकडा वाढत जातो. मी गंमत म्हणून मधल्या स्पेस आणि स्वल्पविराम काढून पहिली ओळ टाइप केली: सुईसुईगंइवलीइवली. आकडा सतरा. एक पुढच्या श्वासाचा सोडला तर सोळा. आता ही कविता आहेच सोळा मात्रांची. ह्रस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन, गुरुजींनी बोटांवर मोजायला शिकवलं होतं. ‘व’ला एक, ‘ली’ला दोन, एडिटरसुद्धा तसंच मोजतो.

म्हणजे यंत्राला वृत्त कळतं. हे त्याच्या जाहिरातीत कुठेही नाही.

तिसरी ओळ टाइप केली. सोळा. अंगावर काटा आला.

१४ फेब्रुवारी

दुसरी ओळ एकोणीस भरते. चौथी सतरा. दहादा मोजली.

यंत्र चुकतंय म्हणावं तर पहिली आणि तिसरी बरोबर कशी? तेव्हा दोष पाठ्यपुस्तकाचा. आम्ही सगळी पोरं सबंध वर्ष चुकीची कविता म्हणत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. अक्काला सदोष कविता देणार नाही. डोळ्याचा प्रश्न आहे.

दिवसभर घरात फिरत मोठ्यानं म्हणून पाहतो आहे. ही म्हणाली, स्वयंपाकघरात तरी नको.

१६ फेब्रुवारी

दुरुस्ती झाली. दुसरी ओळ: कुणाची बाही ग शिवली. चौथीत ‘दिसते’चं ‘दिसे’. दोन्ही नेमक्या सोळा.

नेमका अक्काचा फोन. आवाज बारीक झालाय तिचा. रात्री झोप लागत नाही, डोळा मिटला की सुई दिसते म्हणाली. कागद राहू दे, तिसरी ओळ फोनवरच सांग. म्हटलं, अशी घाई करू नको, छापील देतो, आधी नवी दुसरी ऐक. म्हणून दाखवली. अक्का म्हणाली, ही लंगडते रे.

तिला यंत्राचं सांगत बसलो नाही. तिसरी ओळ सांगायची राहून गेली. उद्या फोन करावा.

१९ फेब्रुवारी

फोन राहिला. एडिटरनं अपडेट मागितला, मग पाटी जाऊन पुन्हा काळं आभाळ आलं, ते निस्तरण्यात दोन दिवस.

जावईबापूंना मात्रांचा शोध सांगितला. ते हळूच म्हणाले, बाबा, त्याला मात्रा कळत नाहीत. तो अक्षर, काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, जे जे दिसेल ते एकेक मोजतो. ‘कु’ला तो दोन धरतो, तुम्ही एक. म्हटलं, तेच तर, व्याकरणात जरासा कच्चा आहे, पण कान आहे त्याला.

फोन ठेवल्यावर ओळी पुन्हा बोटांवर मोजल्या. जुन्या चारही सोळा भरल्या. मग नव्या मोजल्या, तर मध्येच बोट चुकायला लागलं. आता डोक्यात दोन-दोन दुसऱ्या ओळी आणि दोन-दोन चौथ्या आहेत. एक म्हणायला घ्यावी तर दुसरी आधी तोंडात येते.

२२ फेब्रुवारी

शेवटी जुनीच कायम करायची ठरवली. मग वाटलं, नवीही वाया का घालवा. दोन्ही एकाखाली एक ठेवल्या, सावकाश निवडू. अक्षर वाढवून वाढवून एवढं केलं की स्क्रीनवर एका वेळी फक्त ‘सुई सुई’ मावतं.

उद्या छापायची.

२३ फेब्रुवारी

एडिटरमध्ये छापायची सोयच नाही.

सगळे मेनू पाहिले. उघडा आहे, जतन करा आहे, दोनशे प्रकारे शोधा आहे. छापा नाही. जावईबापू म्हणाले, प्रोग्रॅम कोण छापतं, बाबा? दुसरीकडे पेस्ट करून छापा. तिथे पेस्ट केली तर पाटी गेली, खडू गेला, वेलांटी पुन्हा वर्गाबाहेर.

ही म्हणाली, मार्कर घ्या, कोरा कागद घ्या, चार ओळी आहेत. म्हटलं, पेनं थरथरतात. ही म्हणाली, मग मी लिहिते, तुम्ही सांगा. सांगायला तोंड उघडलं आणि कुठली दुसरी ओळ सांगू तेच कळेना. म्हटलं, राहू दे, हे तुझ्या हातचं काम नाही. हिनं मार्करला टोपण लावून तो ठेवून दिला.

अखेर स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला. फोटोत खिडकीचं प्रतिबिंब आणि मी आलो आहे. पण ‘सुई’ स्पष्ट दिसते.

जेवण गेलं नाही. खुर्चीत बसतो, उठतो. ती टाच मांडीवर घ्यायची तेव्हा मी तिच्या ओढणीचं टोक घट्ट धरून ठेवायचो. उद्या ती काय धरणार?

२४ फेब्रुवारी, दुपार

दवाखान्याच्या बाकावर, मोबाइलवर लिहितो आहे.

सकाळी पोचलो तर अक्का हिरवा गाऊन घालून कॉटवर बसलेली, कुंकू पुसलेल्या कपाळावर टोपी. माझ्याकडे बघून हसली, पण भलत्याच दिशेला. डोळ्यांत थेंब घातलेले, पुढ्यातलं काही दिसत नव्हतं. मी मोबाइल तिच्या नाकापाशी धरला. म्हणाली, काय रे, टॉर्च आहे का? ते लांब कर, आणि तोंडानं म्हण.

सुरू केली. पहिली ओळ नीट. दुसरीला ‘कुणाची’ म्हणालो, मग ‘कुणाकुणाची’, मग पुन्हा पहिल्यापासून. अक्का माझा हात चाचपत होती. तिची बोटं गार होती. नर्स म्हणाली, चला आजी.

तेवढ्यात माझ्या मागून ही म्हणाली. अख्खी. जुनी. भाजीचे भाव सांगावेत अशा साध्या आवाजात, एकही ओळ न लंगडता. ‘डोळा एकच तुला तरी गं’ला अक्कानं मान डोलावली आणि माझा हात सोडून हिचा धरला. नर्स दाराशी थांबून राहिली. अक्का म्हणाली, वहिनी, तिसरी परत म्हण. मग आत गेली.

हिला विचारलं, तुला केव्हापासून येते? ही म्हणाली, तीन आठवडे घरात दुसरं काही ऐकू आलंय का?

२४ फेब्रुवारी, संध्याकाळ

ऑपरेशन छान झालं. अक्का डोळ्याला पट्टी लावून बसली, चहा मागितला. मी विचारलं, इंजेक्शनच्या वेळी कविता म्हणालीस का?

म्हणाली, म्हटली की. पण सुई निघाली दुसऱ्या ओळीलाच. तेवढ्या तर मला येतच होत्या रे.

ही खिडकीतून बाहेर बघत होती. खांदे हलत होते.

असो. उजवा डोळा दोन महिन्यांनी आहे. या वेळी शेवटच्या क्षणाची धावपळ नको. छापायची सोय असलेला दुसरा एडिटर आतापासूनच पाहून ठेवायचा, थीम आधी ठरवून टाकायची. घरी आल्या आल्या हा निश्चय नोंदवायला बसलो.

‘उ’ दाबला. पुढचं त्यानंच लिहिलं. एंटर दाबलं.