नाटकं नव्हती, गाठ होती

प्रिय धाकटे, आधी शांत बस.

शस्त्रक्रिया नीट झाली. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत गाठ होती. ती आवरणासकट निघाली, कुठे पसरलेली नव्हती. तेव्हा रडारड नको. टाके ओढतात, इतकंच.

संध्याकाळी पापण्या मिटायच्या, घास चावता चावता जबडा थकायचा, ते सगळं त्या गाठीपायी; अशा गाठीमुळे स्नायू वापरले की लगेच थकतात म्हणे. आपले डॉक्टर मला सकाळी, ताजीतवानी असताना तपासायचे आणि म्हणायचे, "बाई, नाटकं पुरे!" इथल्या डॉक्टरीणबाईंनी नुसतं छताकडे बघत राहायला लावलं, थोड्याच वेळात पापण्या खाली आल्या.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला आपल्या त्या डॉक्टरांकडे नेऊ नकोस.

परतल्यावर त्यांच्या भरल्या दवाखान्यात मी हे मोठ्याने सांगणार आहे. तोवर डॉक्टरांच्या तब्येतीची चौकशी करत जा. मी येईपर्यंत त्यांना काही होता कामा नये.

तुझी,
ताई