ह्यांच्या फोटोखाली कुणी बोलायचं नाही

३ मार्च, सकाळ
हे गेल्यापासून त्यांचं फोटोंचं पेज बंद दुकानासारखं पडून होतं. आजपासून रोज त्यांचा एक फोटो तिथे टाकणार. कसं टाकायचं ते लेकीने शिकवलं. पहिला टाकला, पुलावरची सायकल. लोक काय म्हणतात याच्याशी मला देणंघेणं नाही. आपण टाकायचं आणि उठायचं.

दुपार
'सुंदर' आले, 'अप्रतिम' आले. मला फरक पडत नाही. भाजी करपली, पण तिचं कारण वेगळं.

६ मार्च
ह्यांनी काढलेला शेवटचा फोटो टाकला. अंथरुणात बसून काढलेला. त्यात मी खिडकीशी उभी आहे. चेहरा जरा पुसट दिसतो. ते मुद्दाम आहे. आर्ट आहे ती.

'तिरका डोळा' नावाच्या कुणी खाली लिहिलं, 'हात हलला आहे. डावीकडून दोन बोटं कापायला हवा होता.'

मी शांत राहिले. हातातला डाव फ्रिजवर आपटला. डाव वाकला, फ्रिजच्या दाराला खळगा पडला. फ्रिज जुनाच होता.

७ मार्च
लेकीचा फोन. म्हणाली, आई, किती मनाला लावून घेतेस, कॉमेंट बंद करून टाक ना. बंद केल्या की नवीन येत नाहीत, आधीच्या राहतात. त्या पुसाव्या लागतात.

म्हटलं, पुसणार नाही. पुसलं तर त्याला वाटेल झोंबलं. मला काही झोंबलेलं नाही.

बंद मात्र केल्या. तो माझा हक्कच आहे. कुणाच्या घरी भिंतीवर फोटो लावलेला असतो, त्याच्या खाली पाहुणे खडूने लिहून जातात का? चहा पितात, फोटो बघतात, 'छान' म्हणून चालू पडतात. पटलं नाही तर रस्त्यावर जाऊन बोलावं.

८ मार्च
एक अडचण. कॉमेंट बंद आहेत हे 'तिरका डोळा'ला कळणार कसं? म्हणून थोडा वेळ उघडल्या आणि स्पष्ट लिहिलं, 'इथे कॉमेंट बंद आहेत.'

लगेच खाली त्याचं आलं. 'मग फोटो कपाटात ठेवा.'

संध्याकाळ
वाचनालयातून राग आवरण्यावरचं जाड पुस्तक आणलं. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण वाचलंय भरपूर. पुस्तकात म्हटलंय, राग आला की दीर्घ श्वास घ्यावा. घेतला. मग पुस्तक भिंतीवर फेकलं. कॅलेंडरचा खिळा निघून आला. पुस्तक कामाचं आहे, पुठ्ठा चांगला कडक आहे.

११ मार्च
'तिरका डोळा' सापडला. खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. त्याच्याकडेही गळ्यात अडकवायचा कॅमेरा आहे. जिन्यात भेटला आणि हसत म्हणाला, काकू, साहेबांचा तो शेवटचा फोटो बघितला हं, जरा हलल्यासारखा वाटतो, नाही?

मी शांतपणे म्हटलं, परत म्हण. तो परत म्हणाला. माझ्या खांद्याला ह्यांच्या कॅमेऱ्याची बॅग होती. ती माझ्या हातून फिरली. त्याचा पुढचा दात जिन्यावरून टुणटुणत त्याच्याच दवाखान्याच्या दारापर्यंत गेला. शोधाशोध करायचा त्रास वाचला.

माझा हिंसेवर विश्वास नाही.

१२ मार्च
डॉक्टर वर आला होता. बोबडं बोलत होता, पण कळलं. त्याचं त्या पेजवर खातंच नाही, फोटो त्याच्या बायकोने दाखवला. म्हणाला, काकू, मी पोलिसांत जाणार नाही, पण आजपासून तुमची दाढ दुखली तर दुसरीकडे बघा.

मी माफी मागितली. 'हलल्यासारखा' म्हणायला नको होतं, हेही सांगितलं.

कॅमेरा चालू होत नाही. दात लागला असावा.

१५ मार्च
आज तो फोटो घेऊन भाऊजींच्या दुकानात गेले. भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. फ्रेमचं दुकान आहे. ह्यांनी आयुष्यात काढलेल्या एकूण एक फोटोला फ्रेम त्यांनीच घातली. म्हटलं, चांगली रुंद फ्रेम घाला, एक कणही न कापता.

भाऊजी फूटपट्टी कधी वापरत नाहीत, बोटांनी मापतात. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला, डाव्या कडेला दोन बोटं टेकवली आणि मान वाकडी केली.

दोन बोटं. डावीकडून.

मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही?

ते म्हणाले, वहिनी, आधी ऐकून घ्या.

ऐकलं नाही. टेबलावर खिळे ठोकायचा हातोडा होता. पहिला घाव उभ्या करून ठेवलेल्या काचांवर बसला, सगळ्या खळाखळा खाली आल्या. दुसरा आरशावर. त्यात मी दिसत होते, तेही नको झालं होतं. तिसरा टेबलावर मारला, तर त्यांचा उजवा अंगठा स्वतःहून मध्ये आला.

त्यांना इस्पितळात मीच घेऊन गेले. माणुसकी असते.

प्लास्टर घालेपर्यंत बाकावर बसलो होतो. मी म्हटलं, सख्ख्या भावाला नाव लपवून टोचता, लाज नाही वाटत? ते म्हणाले, नाव सांगितलं असतं तर हातोडा पहिल्याच दिवशी बसला असता. दादाने माझ्याशी भांडल्याशिवाय एक फोटो फ्रेमला दिला नाही, वहिनी. मी म्हणायचो काप, तो म्हणायचा तुला काय कळतंय सुताराला. आता तुम्ही त्याचा देव केलात. देवाशी कसं भांडू?

मी म्हटलं, आजारी माणसाचा हात हलला तर तसं जगाला सांगायचं?

म्हणाले, तो हात हलायचा हे मला माहीत नाही? संध्याकाळचा चहा कोण पाजत होतं त्याला?

हे खरं आहे. कप तेच धरायचे. मला तो हात बघवत नसे म्हणून मी त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायचे.

मी म्हटलं, अंगठा बरा होऊ दे, मग बघते तुमच्याकडे.

१९ मार्च
पेजवर पूर्ण शांतता. मला हवी होती तशी.

२२ मार्च
फार छान शांतता आहे.

२३ मार्च
आज मी स्वतः फोटो काढला. ह्यांची पलंगावर बसायची जागा होती तिथे बसून, तीच खिडकी. आता तिथे कुणी उभं नाही, नुसती खिडकी. कॅमेरा बंद म्हणून मोबाईलने काढला. डावीकडे एक गुलाबी सावली आली आहे. प्रयोग म्हणता येईल. कॉमेंट उघड्या ठेवल्या. अपेक्षा काही नाही.

२५ मार्च
लेकीने बदाम टाकला. पोटच्या पोरीचा बदाम धरत नाहीत. डॉक्टरच्या बायकोने 'छान' लिहिलं. घाबरून लिहिलं असणार.

'तिरका डोळा' गप्प. माणसाने फोटो टाकायचा आणि कुणी ब्रसुद्धा काढायचा नाही? पाण्याची बाटली दारावर मारली.

मग आठवलं, उजवा अंगठा प्लास्टरमध्ये आहे. टाइप कसं करणार?

२६ मार्च
दुकानात गेले. मला बघताच भाऊजींनी हातोडा उचलून मागे ठेवला. मी मोबाईल पुढे केला. म्हटलं, बोला, मी टाइप करते.

त्यांनी मान वाकडी करून बघितलं. मग म्हणाले, वहिनी, डावीकडे तुमचा अंगठा आलाय लेन्सपुढे. माझा फोडलात, आता स्वतःचा दाखवताय होय?

म्हटलं, नीट सांगा. ह्यांना सांगायचात तसं.

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. 'हात हलला आहे. डावीकडून दोन बोटं काप. खिडकी मात्र जमली.'

पाठवलं. पेज ह्यांचं, त्यामुळे खाली नाव ह्यांचं उमटलं. शेजारी त्यांचा तो गोल, चष्म्यातला फोटो.

भाऊजी म्हणाले, दादा 'जमली' कधी म्हणाला नसता. मग तोंड फिरवून काच पुसायला लागले. एका हाताने.

त्याच्या खाली आता दुसरं कुणी काही लिहायला नको, म्हणून कॉमेंट बंद केल्या.

घरी येऊन डावीकडून दोन बोटं कापली. फोटो बरा झाला. भाऊजींना सांगणार नाही.